मोठी गाडी, छोटी गाडी आणि मामांचा गुडघा

चष्मेवाल्यांनी जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी आडवी ठेवली आणि तिच्यासमोर काड्यापेटी. बरणी म्हणजे त्यांची स्वतःची मोठी गाडी, आणि काड्यापेटी म्हणजे साडूंची छोटी. गेले अकरा महिने दर रविवारी साडू जेवायला आले की ही मांडणी व्हायची. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांनी रविवारी मीठ मागायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

साडू गुरांचे डॉक्टर होते. त्यांची गाडी सोळा वर्षांची, आखूड, मागे ‘फोर बाय फोर’, म्हणजे चारही चाकांना जोर, असं ठळक लिहिलेली. त्यांचं म्हणणं असं, की चिखलात वजनच वैरी होतं. हत्ती रुतला तर काढायला दुसरा हत्ती लागतो, शेळी रुतली तर कान धरून काढता येते. त्यावर चष्मेवाले सांगायचे, की त्यांच्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर उंच आहे, टायर रुंद आहेत, इंजिनात दीडशे घोडे आहेत आणि चारही चाकांना सारखा जोर मिळतो. हे ते कुणी न विचारताही सांगायचे. त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायला बसलेल्या गिऱ्हाइकाला तर हलताही येत नसे, त्याला सगळंच ऐकावं लागे.

या रविवारी मात्र त्यांचा आवाज जरा बसलेला होता. त्याचं कारण दहा दिवसांपूर्वी गॅरेजमध्ये घडलं होतं. गाडी सर्व्हिसिंगला टाकताना त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, की पुढच्या चाकांची यंत्रणाही एकदा बघून घ्या. मेकॅनिक गाडीखाली गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, “साहेब, पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडाच नाही हिला. कंपनी दोन्ही प्रकार काढते. तुमची मागच्या दोन चाकांवर चालणारी आहे.”

“मग पाऊस आला की मी हे बटण दाबतो ते?”

“ते मागची काच तापवायचं. धुकं जातं त्यानं.”

जो माणूस दिवसभर दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावतो, त्याला स्वतःच्या गाडीच्या बटणावरचं चित्र अकरा महिने नीट दिसलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि या मुठीची किंमत त्याहून पुष्कळच जास्त होती.

“गाड्या बाजूला ठेवा जरा,” बायको म्हणाली आणि तिने बरणी उचलून स्वतःच्या ताटाशी घेतली. “बाबांच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय. मंगळवार. अकराच्या आत दवाखान्यात हवेत. ही चुकली तर पुढची पाच महिन्यांनी.”

मामा, म्हणजे या दोघांचे सासरे, आयुष्यभर रस्ते बांधणाऱ्या टोळीचे मुकादम होते आणि आता टेकडीवरच्या घरात एकटेच राहत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घराकडे जाणारी वाट पावसाने खचली, आणि त्याच सुमाराला त्यांचा उजवा गुडघाही. तेव्हापासून ऑपरेशनचा विषय निघाला की ते एकच उत्तर देत: गाडी दारात आणा, लगेच बसतो. उतरणीवर चालवत नाही. खुर्चीत बसवून उचलून न्यायचं सुचवल्यावर ते म्हणाले होते, की चौघांनी उचलून न्यायची वेळ एकदाच येते, आणि ती अजून आलेली नाही. खरं म्हणजे ते ऑपरेशनला घाबरत होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. गेल्या महिन्यात चष्मेवाल्यांनी बायकोला भांडी घासता घासता रडताना पाहिलं होतं, आणि आपल्याला काहीच करता येत नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं.

“तुम्हा दोघांकडे एवढ्या गाड्या आहेत,” मेहुणी शांतपणे म्हणाली. “दोन्ही न्या. कोणतीतरी पोचेलच.”

चष्मेवाल्यांनी पोळीचा एकच तुकडा तीनदा आमटीत बुडवला. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, आणि तो रिकामा झाला तरी खाली ठेवला नाही.

मंगळवारी सकाळी आठला दोन्ही गाड्या टेकडीच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. रात्री पाऊस पडून गेला होता. डांबरी रस्ता संपतो तिथून वाट वर चढत होती, एका गाडीपुरती रुंद, आणि वर चढेल तशी पिवळ्या चिकणमातीची. आजवर दोघेही सासऱ्यांकडे आले की गाडी इथेच लावत. झाडांच्या फांद्यांनी रंग खरवडतो म्हणून चष्मेवाले, आणि जरा पाय मोकळे होतात म्हणून डॉक्टर.

“तुम्ही व्हा पुढे, डॉक्टर,” चष्मेवाले म्हणाले. “सवय तुमच्या गाडीला आहे.”

“छे, छे. मान मोठ्यांचा. मोठे तुम्ही, मोठी तुमचीच गाडी.”

अकरा महिने ज्यांनी एकमेकांना घासभर शांतता लाभू दिली नव्हती, ते पाच मिनिटं असे एकमेकांना मान देत राहिले. शेवटी वयाने मोठे असल्यामुळे चष्मेवाले हरले. त्यांनी सवयीने ते बटण दाबलं, मागची काच तापवली आणि चढ घेतला.

अर्ध्याच्या थोडं अलीकडेपर्यंत गाडी चांगली गेली. मग एका वळणावर तिची लांबी आडवी आली. पुढचं टोक झुडपात शिरलं, मागची चाकं चिखलात गरगरू लागली आणि गाडी आपल्या वजनाने सावकाश खाली बसली. चष्मेवाल्यांनी आणखी जोर दिला, ती आणखी बसली. डॉक्टर मागून आले. दोर बांधून मागे ओढतो म्हणाले, दोर बांधलाही, आणि पहिल्याच हिसक्याला त्यांची शेळी जागच्या जागी रुतली. कान धरून काढायला कुणी नव्हतं.

“चिखलच वेगळ्या जातीचा आहे,” डॉक्टर म्हणाले.

“फारच वेगळा,” चष्मेवाले मनापासून म्हणाले.

तेवढ्यात वरून फावडं टेकत टेकत मामा येताना दिसले. रस्त्यावर कुणी चुकीचं काम करत असलं, की त्यांना घरात बसवत नसे. उभ्या आयुष्यात बसवलं नव्हतं. थांबत, गुडघ्याला शिव्या घालत ते आले आणि बाजूच्या दगडावर टेकले.

“नुसता जोर कसला देताय? चाकांखाली दगड घालायचे असतात. जावईबापू, तुमची पुन्हा एकदा चालू करा बघू. आता डॉक्टर, तुमची.”

दोघांनी आळीपाळीने चालू केल्या. मामांनी एकदा या गाडीची चाकं पाहिली, एकदा त्या गाडीची. मग मिशीवरून हात फिरवला.

“दोन्ही गाड्यांची पुढची चाकं झोपलीत की.”

चष्मेवाल्यांनी पेडलवरचा पाय काढला. पण मामांचा ‘दोन्ही’ हा शब्दही त्यांच्या कानात शिरला होता. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आपल्या बुटांकडे पाहत होते.

“पुढचा दांडा काढून ठेवलाय,” डॉक्टर हळूच म्हणाले. “तीन वर्षं झाली. फार वाजायचा, गुरं बुजायची. माळ्यावर आहे.”

“माझ्या गाडीला तो मुळातच नाही,” चष्मेवाले म्हणाले, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला.

मामा इतके हसले की त्यांना फावडं धरून बसावं लागलं. “म्हणजे दोघांची मिळून एक फोर बाय फोर होते,” ते म्हणाले. “काळजी करू नका. मुलींना नाही सांगत.” डोळे पुसून त्यांनी आधी वर, मग खाली पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. घर वर पाचशे पावलांवर राहिलं होतं आणि डांबरी रस्ता खाली तीनशेवर. रस्ते मोजण्यात त्यांची चूक व्हायची नाही.

“उतरणीवर तर मला चालवत नाही,” ते सवयीने म्हणाले. मग आपण कुठून चालत आलो हे त्यांच्याच ध्यानात आलं आणि त्यांनी फावडं दगडाला टेकवून ठेवलं.

दोन जावयांनी दोन बाजूंनी हात धरले. चष्मेवाल्यांच्या हातात सासऱ्यांचं कोपर होतं. ते इतकं हलकं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “दुखेल का हो फार?” मामांनी मध्येच विचारलं, दुसरीकडे बघत. “मी येतोय ना बरोबर,” चष्मेवाले म्हणाले.

खाली डांबरी रस्त्यावर बायकोची जुनी, बुटकी गाडी उभी होती. दार उघडं, पुढची सीट मागे सरकवलेली, गुडघ्याखाली घ्यायला उशी ठेवलेली. मेहुणीच्या मांडीवर दवाखान्याचे कागद होते. सव्वानऊ झाले होते.

“या बाबा,” बायको म्हणाली. “चालत आलात ना? मला वाटलंच होतं.”

मामा आत बसले, चिखलाच्या पायांसकट डॉक्टर मागे बसले. चष्मेवाले बसायला वाकले आणि तसेच थांबले. “तुला कसं वाटलं? गाड्या वर पोचणार नाहीत हे तुला कुणी सांगितलं?”

“सर्व्हिसिंगचा फोन माझ्या नंबरवर येतो, आणि डॉक्टरांच्या गाडीचा दांडा हिच्या माळ्यावर पडलाय,” तिने गाडी सुरू करत सांगितलं. “आणि आधी पळत वर जाऊन ते मागच्या काचेचं बटण बंद करून या. आम्ही थांबतो. उगाच बॅटरी उतरायची.”