पडद्यामागील चाकराची बखर

विघ्नहर्त्यास नमन, शारदेस नमन, आणि जे कोणास न दिसता राबतात त्या सर्वांस नमन करोन हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी, वैशाख मासी एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. विस्तार म्हणाल तर एका टेबलाएवढा. संगणकाची काळी पेटी हा किल्ला, काचेचा पडदा ही सदर, आणि कारभार विंडोज नामे व्यवस्थेने चाले. राज्यास धनी दोन. एक राजश्री नरहरपंत, ज्यांनी जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली, आणि दुसऱ्यांच्या चुका शोधिता शोधिता ज्यांचा स्वतःवरील भरवसा उडाला. घरास कुलूप लाविले तरी जिन्यावरून परत येऊन ओढून पाहात. दुसऱ्या त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाई, बोलण्यात तिखट, पत्त्यांत निष्णात. परंतु उजव्या हातास कंपवाताने धरिले, खरे पत्ते हातून गळू लागले, म्हणोन दुपारी पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडोन बसत, की तेवढाच बोटांस सराव.

ते समयी दूर देशी वैद्यपंडितांचे एक विद्यापीठ होते, आणि त्यांनी चहूकडे विनंती केली ती ऐसी, की देहात प्रथिनांचे बारीक दोरे असतात, त्यांची घडी नीट पडली तर देह चाले, आणि काही दोऱ्यांची घडी चुकली की हात कापू लागे. ती का चुकते याचे गणित इतके अफाट की एका राज्याच्याने होणे नाही, तरी पृथ्वीवरील लहानथोर राज्यांनी आपल्या रिकाम्या वेळात एकेक वाटा उचलावा आणि मुदतीत पुरा करोन धाडावा. हे वाचोन पंतांचे चित्त हालले, आणि मग त्यांनी त्या कामाचा प्रोग्रॅम उतरवोन घेऊन आपले राज्यात चाकर म्हणोन ठेविला. चाकर मोठा अदबीचा. धन्याने काही काम काढिले की बाजूस सरे, धनी स्वस्थ बसला की पुन्हा गणितास लागे, आणि पडद्यावर आपले कामाचे चित्र दाखवी: रंगीत दोरा आपसूक वळे, उलगडे, पुन्हा वळे. पंत दुपारी पाहात बसत. पाहता पाहता त्यांस गच्चीवरले ऊन दिसे, आणि हनुवटीखाली पदर धरोन नऊवारी लुगड्याची घडी घालणाऱ्या तरुण कुमुदिनीबाई दिसत, आणि घडीवर घडी अशी बसे की वाराही मध्ये शिरू नये. बाई विचारीत, “काय हो पाहता एवढं?” पंत म्हणत, “काही नाही. दोरे आहेत.” हे तुझे हाताचे गणित आहे, इतके शब्द मात्र त्यांच्याने उच्चारवेनात.

परंतु बाईंचा एक शिरस्ता होता. डाव संपला की त्या लॉग ऑफ करोन सदर बंद करीत आणि मगच उठत. पंत एकदा भीत भीत म्हणाले, “अगं, राहू दे की उघडं. मी बसणारच आहे नंतर.” बाई म्हणाल्या, “उष्टं ताट टाकून उठता का तुम्ही पाटावरून? मग मी हे कसं टाकून उठू?” आणि चाकर होता खाजगीकडील. धन्याची सदर बंद जाहली की त्यासही बाहेर काढीत, आणि हातातले अर्धे काम जागीच राही. असे होता होता मुदत टळली, आणि वैद्यांनी तो वाटा दुसऱ्या राज्यास दिला. पंतांस घास गोड लागेना. कोण जाणे, बाईंचे हाताची गाठ नेमकी त्याच वाट्यात असेल, ऐसे मनात येई.

मग पंतांनी माहितीची पाने पालथी घातली आणि त्यांस उमगले, की चाकरी दोन प्रकारची. खाजगी चाकर धन्याबरोबर येतो आणि जातो. सरकारी चाकर, ज्यास तेथे सर्व्हिस म्हणतात, तो किल्ल्याचे दार उघडताच कामास लागतो, गादीवर कोणी बसो न बसो. परंतु त्यास सदरेवर येण्याची मनाई. त्याने पडद्यामागेच राबावे, चित्र दाखवू नये, आणि चित्रशाळेतील ग्राफिक्सची यंत्रेही बहुधा त्यास मिळू नयेत. म्हणजे काम टिकेल, परंतु दोरा दिसणे नाही. पंत तो सारा दिवस पडद्यापुढे बसोन दोरा पाहात राहिले, आणि मग त्यांनी चाकरास सरकारी करोन टाकिला. पडदा कोरा जाहला.

आणि तेथेच पंतांचे शंकेने उचल खाल्ली. सरकारी चाकरांचे दफ्तरी त्याचे नावापुढे ‘चालू’ ऐसे लिहिले होते. परंतु ज्याचा जन्म छापील अक्षरावर संशय घेण्यात गेला, त्याने त्यावर विश्वास ठेवावा कैसा? मग त्यांनी खात्रीसाठी खाजगी चाकरही पुन्हा बोलाविला. आता कामाची खोली एक, वाटा एक, चाकर दोन! एकाने घातलेली घडी दुसऱ्याने मोडावी, दुसऱ्याने लिहिले ते पहिल्याने पुसावे. होता होता तोही वाटा नासला, आणि नवा आला तो अगदी थोड्या मुदतीचा. पंत कपाळास हात लावोन बसले.

बाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, “दोरे कुठे गेले हो? चांगले दिसायचे.” तेव्हा पंतांनी मान खाली घालोन सारे सांगितले. बाई कडाडल्या, “म्हणजे माझ्याच हाताचं गणित, आणि रोज मीच त्याला हाकलून देत होते? बोलायला काय झालं होतं तुम्हाला?”

“वाटलं, तू आशा धरून बसशील.”

“मग? चहा सांडते मी. आशा काय, तीही सांडली असती होय?”

पंत म्हणाले, “पण तो आत काम करतोय की नाही, हे कळावं कसं?”

बाईंनी खाजगी चाकरास तत्काळ निरोप देवविला. मग त्यांनी आपला उजवा हात पेटीवर ठेविला. पेटी ऊन होती, आणि आतील पंख्याची घरघर तळव्यास लागत होती. बाई डोळे मिटोन म्हणाल्या, “रिकामा माणूस इतका तापत नाही. आणि हाही कापतोय हो, माझ्यासारखा. कापत कापत करतोय काम. आता तुम्ही त्याला टोचू नका. शंका आली की इथे हात ठेवा, दुसरीकडे कुठेही लावू नका.”

मग तैसेच चालले. बाई डाव खेळत, सदर बंद करीत आणि उठत. पंतांचे हात दफ्तराकडे शिवशिवत, ते पेटीवर ठेवीत. मुदत सरत आली. एके दुपारी दोघांचेही हात पेटीवर असता घरघर अकस्मात मंदावली. पंत घाबरे जाहले, उठू लागले. बाईंनी त्यांचे मनगट धरिले आणि म्हणाल्या, “थांबा.” पेटी उगी राहिली. मग आत काही हालले, पंखा पुन्हा भरभरू लागला, आणि बाई हसोन म्हणाल्या, “तो वाटा गेला. दुसरा आला.” पंतांनी जन्मात प्रथमच एक गोष्ट तपासोन पाहिली नाही.

येणेप्रमाणे त्या राज्याचा वृत्तांत. वैद्यांचे गणित अद्याप पुरे जाहले नाही. बाईंचा हात कापतो. सदर बंद आहे, गादी रिकामी आहे, आणि पेटी ऊन आहे.