मैदानातील सशांची आणि पूर्वेच्या पायऱ्यांची हकीकत

श्री ग्रामदेवता साक्ष. राज्याभिषेक शक एकोणचाळीस, पिंगळनाम संवत्सर, माघ वद्य द्वादशीपासून फाल्गुन शुद्ध एकादशीपर्यंत राजधानीच्या मैदानावर जे वर्तले ते लिहावे, पदरचे घालू नये, कोणाची भीड धरू नये, ऐसी आज्ञा जाहली. त्यावरून लिहिले आहे.

थोरल्या राणीसाहेबांनी हौसेने समुद्रापलीकडून विलायती ससे आणविले होते. आपल्या रानातला ससा गवतात बसतो, बीळ करीत नाही. हे ससे जमीन पोखरून आत घरे करणारे. पिंजरा मोडला आणि ते सुटले आणि राजवाड्यामागील चेंडूफळीच्या मैदानात शिरले, आणि तीन वर्षांत इतके वाढले की पहाटे पाहावे तो हिरवळीवर जिकडे तिकडे कान. मैदानाची निगा धाकोजी नाईक यांजकडे. त्यांनी तीस वर्षे त्या मातीवर रूळ फिरविला होता. रोज बिळे बुजवीत आणि रोज नवी निघत. मग माघ वद्य द्वादशीस संघाचे सरदार सुभानराव उंच गेलेला चेंडू झेलावयास मागे धावले, तो पाय बिळात गेला आणि नडगीचे हाड मोडले. त्याचा आवाज खेळ पाहावयास पायऱ्यांवर बसलेल्यांनीही ऐकिला. शेजारच्या राज्याचा संघ फाल्गुन शुद्ध दशमीस खेळावयास येणार, मधे तेरा दिवस. महाराज पाहुण्यांस सामोरे जावयास सरहद्दीकडे निघाले आणि जाताना क्रीडांगणाचे कारभारी विसाजीपंत यांस म्हणाले, "आम्ही परत येऊ तेव्हा मैदानात एक खड्डा दिसता कामा नये." पंतांनी मान लवविली, परंतु त्या दिवसापासून त्यांचे जेवणात लक्ष राहिले नाही.

मसलत बसली. कोणी म्हणाले विष घालावे. नाईक म्हणाले, "मेलेला ससा घार उचलते, कुत्रे खाते, ते विष मग कुठवर जाईल याचा नेम नाही." कोणी म्हणाले बंदुका घेऊन शिपाई उभे करावे, तर कुंपणाला लागून बाळंतिणींचा दवाखाना, तेथे बार उडविता येत नाही. मग हवेची बंदूक ठरली. तिला दारू लागत नाही. नळी सांध्यात वाकवून दाब भरावा आणि छर्रा सोडावा, आवाज टाळी वाजविल्याइतका. ती चालविणारी कोण, तर मुलींच्या शाळेत नेमबाजी शिकविणाऱ्या तुळजाबाई पांढरपट्टे, वय बावन्न, तीन राज्यांत त्यांच्यासारखा नेम नाही. त्यांस बोलाविले. त्या म्हणाल्या, "पंत, मी आजवर कागदाला मारले आहे. कागद हलत नाही आणि कागदाला दुखत नाही."

पंत म्हणाले, "बाई, मला तेरा दिवसांत मैदान पाहिजे. दुसरे कोण आहे सांगा."

दुसरे कोणी नव्हते. मग बाईंनी सांगितले की तीस पावलांच्या आतून मारीन, मागे मातीचा बांध असेल तरच मारीन, आणि डोक्याचा नेम पक्का बसल्याशिवाय बोट लावणार नाही. पंतांनी सर्व कबूल केले.

त्रयोदशीस उजाडता बाई मैदानात पालथ्या पडून राहिल्या. पाऊण घटकेने पहिला ससा बाहेर आला आणि मागच्या पायांवर बसून मिशा पुसू लागला. नाईक पन्नास हात मागे उभे होते. त्यांस बाईंची पाठ श्वासाने वरखाली होताना दिसत होती, मग ती थांबली, आणि टाळी वाजली, आणि ससा होता तेथेच आडवा जाहला. बाई उठल्या, जवळ गेल्या, डोळ्याला काडी लावून पाहिली, मेला याची खात्री केली, आणि हात पदराला पुसत राहिल्या. हाताला काही लागले नव्हते. नाईकांनी घरची भाकरी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "नाईक, रोज हे मला जमेल का?" नाईक म्हणाले, "बाई, त्याला कळलंसुद्धा नाही. मी बघत होतो." बाई पुन्हा पालथ्या पडल्या. ऐसा क्रम सकाळी आणि दिवस कलताना चालला. फाल्गुन शुद्ध पंचमीपर्यंत एकेचाळीस ससे पडले, एकही तडफडला नाही, आणि नाईक रिकामे बीळ पाहून चिकणमातीने ठासून बंद करीत.

परंतु ससे हुशार जाहले. ते बाईंस ओळखू लागले, दूर पूर्वेच्या पायऱ्यांकडे सरकले आणि तीस पावलांत येईनात. पंत रोज तिन्ही वेळा येत आणि एकच प्रश्न करीत, "आज किती?" षष्ठीस बाई म्हणाल्या, "आज एकही नाही." पंतांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बाई, पाहुण्यांच्या राहुट्या निघाल्या. पायऱ्यांवर कोण कोठे बसणार त्याच्या याद्या जाहल्या. साठ पावलांवरून मारा, भर दुपारी मारा, पण मारा. उद्या कोणाचा पाय मोडला तर महाराज मला विचारतील, तुम्हास नाही." बाईंनी पुष्कळ नाही म्हटले. मग शेवटी त्या हो म्हणाल्या, आणि पुढे त्या सांगत की तो हो म्हणण्याचा क्षण माझा, पंतांचा नव्हे.

सप्तमीच्या दुपारी वारा होता. पंचावन्न पावलांवर ससा बसला होता, बाईंनी छर्रा सोडिला, वाऱ्याने ओढला, आणि तो सशाच्या मागल्या मांडीत बसला. ससा ओरडला. ससा ओरडतो हे नाईकांस तोवर ठाऊक नव्हते; लहान मुलासारखा आवाज. तो फरफटत गेला आणि पूर्वेच्या पायऱ्यांखालच्या बिळात शिरला. बाई बंदूक टाकून धावल्या आणि बिळाशी बसून हातांनी माती उपसू लागल्या. नाईक म्हणाले, "बाई, तो आतच मरेल, जाऊ द्या." बाई म्हणाल्या, "केव्हा मरेल? मी त्याला असा सोडणार नाही. कुदळ आणा." नाईकांनी कुदळ आणिली, दोघांनी खणले, कोपरभर, मग खांदाभर, आणि अचानक माती आत कोसळली आणि माणूस ओणवा शिरेल एवढे भगदाड पडले. बाई कंदील घेऊन आत सरपटल्या. नाईक बाहेरून हाका मारीत होते आणि उत्तर येत नव्हते, मग एक टाळीएवढा आवाज आला असता तर बरे असे त्यांस वाटले, परंतु बंदूक तर बाहेर पडली होती. बऱ्याच वेळाने बाई निघाल्या. त्यांच्या हातात ससा मान मुरगळलेला, आणि केसांत माती, आणि ओठ पांढरे. त्यांनी विचारले, "नाईक, या पायऱ्यांवर किती माणसं बसतात?"

"दीड हजार."

"आत या आणि वर बघा."

नाईक आत गेले. कंदील वर धरिला तो पायऱ्यांच्या पायाचे दगड दिसले, आणि दगडांखाली माती नाही. बिळास बीळ मिळून खाली दालन जाहले होते, लांबी वीस हात, आणि दगड एकमेकांच्या आधाराने लोंबकळत होते. नाईक उलटे सरपटत बाहेर आले, आणि तीस वर्षे मी याच्यावरून चालतो म्हणून तेथेच बसले.

दोघे पंतांकडे गेले. पंतांनी ऐकिले आणि म्हणाले, "तुम्हास ससे मारावयास नेमिले, पाया तपासावयास नाही. या पायऱ्या माझ्या जन्माआधीपासून उभ्या आहेत, सामन्याचे दोन दिवसही उभ्या राहतील. पाहुण्यांच्या मंडळींस मी कोठे बसवू, मातीत?" बाई म्हणाल्या, "आपण एकदा येऊन पाहा." पंत आले नाहीत. बाईंनी सरहद्दीकडे जासूद पाठविला, तो पंतांच्या माणसांनी वाटेत अडविला. अष्टमी गेली, नवमी गेली. नाईक एकटेच खाली लाकडी टेकू देत राहिले आणि प्रत्येक टेकू मातीत रुतत राहिला. नवमीस पायऱ्यांवर मंडप घातला, वेळूंचा भार वाढला, आणि सांजेस कान लावला तर आतून बारीक माती गळताना ऐकू येई.

दशमीस प्रातःकाळी वेशीवर नौबत झडली. लोक लोटले आणि पूर्वेच्या दाराशी उभे राहिले; नाईक दार अडवून होते. या बखरीचा लिहिणारही त्यांत, त्याची जागा सतरावी पायरी. तुळजाबाई आधीच वर जाऊन अगदी मधोमध एकट्या बसल्या होत्या, हात मांडीवर, बंदूक घरी. पंत खालून ओरडले, "बाई, उतरा! महाराजांची स्वारी दिसू लागली!" बाई म्हणाल्या, "पंत, जागा पक्की आहे असे आपण म्हणता. मग या, माझ्याशेजारी बसा. आपण बसलात की मी दार सोडायला सांगते, आणि लोकांसमोर आपली माफी मागते." सर्व लोक पंतांकडे पाहू लागले. पंतांनी उपरणे सावरिले आणि पहिली पायरी चढले, दुसरी चढले, तिसरीवर पाऊल ठेविले आणि थांबले. त्यांनी खाली दगडाकडे पाहिले. पुढचे पाऊल उचलेना. ते तेथून न हलता, कोणाकडे न पाहता हळू आवाजात म्हणाले, "दोर बांधा. पूर्वेचे दार बंद करा." मग नाईकांनी वर जाऊन बाईंस हात धरून उतरविले.

मग पाहुणे आणि प्रजा सर्व मैदानाच्या सीमेबाहेर गवतावर बसले, आणि पाहुण्यांच्या मंडळींनी कुरकुर केली, आणि महाराजांची मर्जी दिवसभर खट्टू होती, आणि पंतांस कोणी विचारिले नाही. एकादशीस दुसऱ्या प्रहरी आमच्या संघाने शेवटचा गडी बाद केला आणि सर्व लोक एकदम उठून ओरडले. त्या गजरात आधी कोणास कळले नाही. मग धूळ आली. पूर्वेच्या मधल्या नऊ पायऱ्या आवाज ऐकू न येता खाली बसल्या आणि मंडप त्यांवर आडवा जाहला. वर माणूस एकही नव्हता. ज्याची त्याची नजर आपापली जागा शोधीत होती.

महाराजांनी बाईंस विचारिले, "एकूण ससे किती मारिले?" बाई म्हणाल्या, "बेचाळीस. एकेचाळीस नीट." आणि बंदूक सरकारात जमा करून शाळेत गेल्या. महाराजांनी पंतांस काढिले नाही. पंतांनी आपण होऊन काम सोडिले.

सारांश, या सर्वांत सुभानरावांवाचून कोणास इजा नाही, सामना आम्ही जिंकिला, पायऱ्या नव्याने खोल पायावर बांधिल्या. ससे अजून आहेत, थोडे, उत्तरेच्या बांधाकडे. धाकोजी नाईक रोज सकाळी मैदानभर चालतात आणि दर दहा पावलांवर टाच आपटून उभे राहतात आणि ऐकतात.