गिऱ्हा शब्दाची परिषद

एका जंगलात, बाळगोपाळांनो, एक खोल डोह होता. डोहात मगरोबा राहत. काठावरच्या कुरणात सोनकी हरिणी आणि तिची तीन पाडसं राहत.

सोनकी रोज बजावायची, "डोहाकडं फिरकलात तर गिऱ्हा ओढून नेईल!"

गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. सोनकीनं ते पाहिलं नव्हतं, तिच्या आईनंही नाही. पण तेवढा शब्द कानावर पडला की पाडसं मुकाट मागं वळत आणि सोनकी निवांत चरत असे.

मगरोबा मात्र वाळत चालले. हा शब्दच आपल्या पोटावर पाय देतोय, हे त्यांनी ओळखलं. शब्दाला चावता येत नाही. म्हणून त्यांनी त्याचा गौरव करायचं ठरवलं.

डोहाकाठी 'गिऱ्हा शब्द संशोधन परिषद' भरली. अध्यक्ष अर्थातच मगरोबा. साळिंदरशास्त्री म्हणाले, शब्द आकाशातल्या ग्रहांवरून आला. देशोदेशी फिरून आलेला करकोचा उसळला, "छे! एका थंड बेटावर गेलिक भाषा बोलतात. तिथंही पाण्यात ओढणाऱ्या भुताला नाव आहे. मूळ तिकडचंच!"

"मग तिथल्या आयाही पोरांना हेच सांगत असतील, नाही का हो?" सोनकीनं विचारलं.

"बाई, प्रश्न विषयाला सोडून आहे," शास्त्री म्हणाले.

पाडसांना सकाळपासून पहिल्या रांगेत बसवलं होतं. दुपारी ठराव झाला. शब्दाची मुळं सात, अर्थ बारा, सबब भूत एकही नाही. टाळ्या पडल्या. सभा उठली.

"आई, गिऱ्हा नुसता शब्द आहे!" असं म्हणत पाडसं पाण्याकडं उधळली.

"अरे, गिऱ्हा! गिऱ्हा!" सोनकी ओरडली. एकानंही कान हलवला नाही. पाण्यावर दोन डोळे वर आले होते.

"थांबा रे!" ती जीव खाऊन किंचाळली. "तिथं अध्यक्षांचं समारोपाचं भाषण आहे!"

पाडसं जागच्या जागी वळली, ती टेकडी ओलांडूनच थांबली. मागून सोनकी धापा टाकत, हसत पोचली. ती खोटं बोललीच नव्हती. अध्यक्ष तोंड उघडून बसलेच होते.

तात्पर्य: मुलांना न पाहिलेल्या भुताची भीती घालू नये. एकदा परिषदेला न्यावं, आयुष्यभर पुरतं.