एका हरणाला तीन कोसाइन

आपल्याकडे शिकलेल्या माणसाला जगाच्या पाठीवर कुठेही सोडा, समोर त्रिकोण दिसला की तो सोडवणारच. आमच्या अमेरिकेतल्या चँडलर गावच्या कॉम्प्युटर-चिप कंपनीत असे निम्मे लोक आहेत आणि त्यांत पहिला नंबर चारुदत्तचा. त्यामुळे तो धनुष्यबाणाने हरीण मारणार म्हणाला तेव्हा मी हसलो नाही. उलट बरोबर येतो म्हणालो. त्याने बाण सोडायचा, मी अंतर मोजायच्या दुर्बिणीतून अंतर सांगायचं. दोन इंजिनिअर विरुद्ध एक हरीण. मला हरणाची दयाच आली!

चारुदत्तच्या खात्यात जमेला पुष्कळ आहे: शिकारीचं परमिट, भारी धनुष्य, वर्षभराचा सराव. नावे एकच गोष्ट, उतावळेपणा. शिकार शनिवारी पहाटे, आणि बुधवारीच त्याने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'शनिवारी रात्री आमच्याकडे हरणाचा रस्सा. सर्वांनी यावे.' पटापट अंगठे आले. त्याची बायको आश्लेषा एवढंच म्हणाली, "हरणाला कळवलंस का?"

म्हणजे आता प्रश्न हरणाचा नव्हताच, चारुदत्तच्या अब्रूचा होता.

शनिवारी उजाडताना आम्ही एका कड्यावर पालथे पडलो होतो. खाली पाणवठा. उतारावर मधोमध एका झुडपाआड चारुदत्तने मांसासाठी आणलेला बर्फाचा कूलर ठेवला होता. मांसाचं एवढं वजन वर कोण चढवणार, असा दूरदर्शी विचार. थोड्या वेळाने हरीण आलं. चांगलं शिंगाळ, मंडळाच्या अध्यक्षांसारखं ऐटीत.

आता यातली मेख अशी. उंचावरून खाली तिरका बाण मारताना अंतर दिसतं त्यापेक्षा कमी धरावं लागतं, नाहीतर बाण डोक्यावरून जातो. किती धरायचं? कोनाच्या कोसाइनने गुणून येईल तेवढं. दुर्बिणीत अडतीस यार्ड दिसले. कोन चाळीस अंशांचा. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि अभिमानाने कुजबुजलो, "एकोणतीस."

चारुदत्तचे ओठ हलले. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय. बाण सुटला.

ठक्क!

बाण हरणाच्या पुष्कळ अलीकडे, थेट कूलरमध्ये. हरणाने मान वर केली, कूलरकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागलं.

"तू किती सांगितलंस?" चारुदत्तने दात आवळून विचारलं.

"एकोणतीस. कोसाइन लावून."

"तू लावलास? अरे, मी पण लावला! मी बावीस धरले!"

मग मी दुर्बीण उलटीपालटी करून पाहिली. तिच्या पोटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही दुर्बीण कोनाचा हिशोब स्वतःच करून अंतर दाखवते. म्हणजे एकदा यंत्राने, एकदा मी, एकदा त्याने. चूक कोणाची यावर आमचं जे काही झालं ते इतकं मोठ्याने झालं, की हरीण कंटाळून निघून गेलं. दिवसभर दुसरं फिरकलं नाही.

परतताना चारुदत्तने माफीचं भाषण तयार केलं. तीनदा म्हणून दाखवलं. दार उघडलं तर आत कुकरची शिट्टी.

"बोकडाचं आहे," आश्लेषा म्हणाली. "काल सकाळीच आणलं. कोणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. फक्त वाढायचं."

सातला पाहुणे आले. भाषणाला चारुदत्तने तोंड उघडलं, तेवढ्यात शोभनाकाकूंनी हातातला डबा पुढे केला. साबुदाण्याची खिचडी. त्यांचा म्हणे शनिवार होता. अमेयचं कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं. सावनी जेवूनच आली होती. अंगठे वर करणारा एकेक जण हरणाला घाबरून काही ना काही सबब घेऊन आला होता! चारुदत्तचा चेहरा एकदम उजळला. आता भाषण गिळलं तरी चालणार होतं.

"मला वाढ रे," कोपऱ्यातून शोभनाकाकूंचे अरुणकाका म्हणाले. "मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय."

आश्लेषाने वाढलं. सगळं घर काकांच्या जबड्याकडे बघत राहिलं. काकांनी डोळे मिटले. "वा! रानात चरलेल्या जनावराची चवच वेगळी. दुकानातल्या मटणाला ही सर नाही."

चारुदत्त खोकला. आश्लेषा भाकरी मोडत राहिली.

अमेयने नुसता रस्सा चालेल म्हणत वाटी पुढे केली. सावनीच्या पोटात जागा झाली. शेवटी शोभनाकाकूंनी घड्याळाकडे पाहिलं. "तसा भारतात रविवार उजाडलाय," त्या म्हणाल्या आणि खिचडीचं झाकण लावलं.

पातेलं पुसून निघालं. जाताना प्रत्येकाने चारुदत्तच्या नेमाचं कौतुक केलं आणि तो नम्रपणे जमिनीकडे बघत राहिला. मी साक्षीदार असूनही गप्प बसलो. बोलायला तोंड रिकामं कुठे होतं! आणि तुमच्यापाशी म्हणून सांगतो, तिसऱ्या वाढणीला मलाही त्या बोकडात चांगलीच रानाची चव लागायला लागली होती.