हार्लनचा बिनवकिली दावा

टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या हार्लन ग्रूबरने शेजारच्या ड्वेनवर दावा ठोकायचं ठरवलं, तेही वकील न देता.

"चाळीस वर्षं लोकांची गिचमिड अक्षरं वाचली, मला कोर्टाचे नियम वाचता येणार नाहीत?" तो बायकोला, लॉर्नाला म्हणाला.

प्रकरण दोन फुटांचं. मोजणीत ड्वेनचं कुंपण हार्लनच्या जागेत दोन फूट आत निघालं होतं. नेमक्या त्याच उन्हाच्या पट्ट्यात लॉर्नाला स्ट्रॉबेरी लावायची होती. बिचारीचा जीव अडकला होता त्या पट्ट्यात.

पहिल्या खेपेला कोर्टाच्या खिडकीतून कागद परत आले, कारण हार्लन सही करायला विसरला होता. दुसऱ्या खेपेला कारकूनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"समन्स कोणी दिलं?"

"मीच. त्याच्याकडे कॉफीही घेतली."

"वादीने स्वतः द्यायचं नसतं, मिस्टर ग्रूबर."

"मग बायको देईल."

"त्याही वादीच आहेत."

"मग मी करू काय?"

"आम्हाला सल्ला देता येत नाही," म्हणत बाईंनी शेरीफकडचा फॉर्म हळूच पुढे सरकवला.

शेरीफच्या माणसाने समन्स दिलं, आणि त्याच संध्याकाळी ड्वेन कागद घेऊन दारात हजर. लॉर्ना चर्चमध्ये गेली होती.

"हार्लन, तीस दिवसांत उत्तर द्या म्हणतायत. मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही. नियम वाचलेला गावात तू एकटाच."

खरं तर दार लावून घ्यायचं. पण आम्हा निवृत्तांना कुणी काही विचारलं, की आमची छाती फुगते आणि अक्कल गहाण पडते.

"बस. प्रत्येक मुद्द्यापुढे 'अमान्य' लिही. कोरं सोडलंस तर मान्य धरतात. आता बचाव. कुंपण कधी घातलंस?"

"तेरा वर्षं झाली. खड्डे तूच खणलेस की!"

"मग झालं तर! दहा वर्षं हरकत नाही घेतली, तर जागा तुझी. लिही! आणि वादीने स्वतः खड्डे खणले, हेही लिही. जबरदस्त मुद्दा आहे!"

ड्वेन लिहीत गेला. हार्लनने दोनदा खाडाखोड दुरुस्त करून दिली.

सुनावणीला न्यायाधीशबाईंनी उत्तर वाचलं आणि जागा ड्वेनची ठरवली. वर म्हणाल्या, "वकिलाशिवाय इतकं नेटकं उत्तर मी आजवर पाहिलं नव्हतं."

ड्वेन सरळ माणूस, त्याने हार्लनकडे बोट दाखवलं. हार्लन उठून उभा राहिला.

"आभारी आहे, युवर ऑनर."

बाहेर आल्यावर लॉर्नाने त्याला पायरीवरच थांबवलं.

"हार्लन, त्याने उत्तर दिलंच नसतं तर?"

"तीस दिवसांनी एकतर्फी निकाल, आपल्या बाजूने," हार्लन ऐटीत म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.