मलिदा अध्यक्षांच्या घरी

आपल्या हातून चूक होत नाही, असं गिरीशचं ठाम मत होतं. जेद्दाच्या एका इस्पितळात तो भूल देत असे, आणि त्याने झोपवलेली माणसं आजवर सगळी उठली होती, तेव्हा हे मत अगदीच हवेतलं नव्हतं. मराठी मंडळाचं चिटणीसपद गळ्यात पडलं तेव्हा तो बायकोला, श्यामलाला म्हणाला, "डाव्या हातचा मळ आहे गं."

शुक्रवारी सकाळी त्याने त्याच डाव्या हाताने सभेचा वृत्तांत मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि तो आंघोळीला गेला. वृत्तांत मंडळाचा नव्हता. श्यामलाचा होता.

श्यामला मुंबईतल्या एका अभिलेखागाराचं काम घरूनच करायची. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारे यहुदी. ते इस्रायलला जाऊन राहिले, तेव्हा नव्या गावात एकमेकांच्या अडीअडचणीला धावायला त्यांतल्या काहींनी मंडळ काढलं होतं. बाळंतपण असो, मयत असो, मंडळ हजर. सभांचे वृत्तांत मराठीतच. त्यांची कसर लागलेली पानं स्कॅन होऊन यायची आणि श्यामला एकेक अक्षर लावून ती टाइप करायची. अट एकच होती. कुटुंबांची परवानगी मिळेपर्यंत त्यातलं काही बाहेर जाता कामा नये.

आता ते अख्ख्या जेद्दात गेलं होतं.

"मागील खेपेस मलिदा अध्यक्षांच्या घरी झाला. तो सभासदांस पुरला नाही. पुढील खेपेस मलिदा सर्वांस सारखा मिळावा, असे ठरले."

बेने इस्रायलींचा मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे, सोबत फळं. शुभकार्याला एलियाहू पैगंबराच्या नावाने करतात, प्रसादासारखा वाटतात. ग्रुपवरच्या लोकांना मात्र एकच मलिदा माहीत होता, अध्यक्ष खातात तो. "बोललं बाबा कुणीतरी," एकाने लिहिलं. दुसऱ्याने दिवाळीच्या जेवणाचा केटरर उकरून काढला. सौदीच्या दुसऱ्या टोकाला, हुफूफला बदलून गेलेला एक जण तिथून विचारू लागला की तो इथे असताना त्याला का नाही मिळाला.

गिरीश टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा श्यामला दोघांच्या लॅपटॉपसमोर उभी होती.

"मी फक्त फाइल जोडली," तो म्हणाला.

"लेबल न वाचता सुई टोचतोस का रे तू?"

तेवढ्यात बेल वाजली. मंडळाचे अध्यक्ष शशिकांत आणि त्यांच्या पत्नी सुधा. शशिकांतांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"वहिनी, मी चोर आहे का?"

"भाऊ, तो मलिदा वेगळा. पोह्यांचा."

"म्हणजे पोह्यांत खाल्ले मी?"

श्यामलाने बेने इस्रायलींपासून सगळं सांगितलं. शशिकांतांचा विश्वास बसेना. नवऱ्याला वाचवायला बायको गोष्ट रचतेय, असंच त्यांना वाटत होतं. "मूळ पान दाखवा. आत्ता, सगळ्यांना," ते म्हणाले.

पान दाखवावं तर काम गेलं, न दाखवावं तर हा माणूस बदनाम. तिला गिरीशचा इतका संताप आला की त्याच्याकडे बघवेना. आत जाऊन तिने मुंबईला, अवंतीला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. अवंती तिची वरिष्ठ. तिने कडक शब्दांत झापलं. श्यामलाने ऐकून घेतलं.

"काम काढून घ्या माझं," ती शेवटी म्हणाली, "पण या माणसाच्या नावाचं काय करू, तेवढं सांगा."

थोड्या वेळाने अवंतीचाच फोन आला. वृत्तांतातल्या त्या अध्यक्षांची मुलगी रूथबाई इस्रायलहून लाइनवर होती. श्यामलाने स्पीकर लावला.

"कोण बोलला, आमच्या पप्पांनी मलिदा खाल्ला?" म्हाताऱ्या आवाजाला चांगलीच धार होती. "अजून तेच चाललंय? पोहे मुंबईवरून यायचे होते, ते आलेच नाहीत. होते तेवढ्यात आईने भागवलं. पप्पांनी घास घेतला नाही त्यातला."

मग शशिकांत फोनजवळ सरकले. "बाई, दिवाळीला मी शेवटी जेवलो. भाजी संपली होती. नुसता भात खाल्ला, वर हे ऐकतोय."

"लोकांना काय हो, आयतं पाहिजे."

"कुणी खुर्ची उचलत नाही, बाई."

दोघांनी आपापल्या सभासदांना मनसोक्त शिव्या घातल्या. रूथबाईंनी पान दाखवायला परवानगी दिली, पण ती ओळ खोडायला सांगितली. खोडता येत नाही, खाली तुमचं म्हणणं जोडता येईल, असं श्यामला म्हणाली, आणि त्या सांगतील तसं टाइप करत गेली. आईचं नाव आलं तेव्हा ते तिने दोनदा विचारून घेतलं. गिरीशने चहा आणून ठेवला. तिने कपाला हात लावला नाही.

"मग पप्पांनी काय केलं?" शशिकांतांनी विचारलं.

"राजीनामा दिला रागाने."

"आणि लोकांनी?"

"लोकांनी घेतला."

फोन ठेवल्यावर शशिकांत ताठ बसले. "मी देणार नाही."

"दिलाय तुम्ही," सुधा म्हणाल्या. "रागाच्या भरात, इकडे येताना, गाडीतून. ग्रुपवर."

"काय म्हणतायत?"

"काही नाही. नुसते अंगठे आहेत."

"वरचे की खालचे?"

सुधांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "वरचे."