सामाईक वही रोज कोण पुसतं?

वॉशिंग्टन लार्रोसा हे, त्यांच्या स्वतःच्या अंदाजानुसार, उत्तर उरुग्वेतले सर्वांत तल्लख गुप्तहेर होते. बाकीच्या जगाच्या अंदाजानुसार ते शाळा क्रमांक सत्तेचाळीसमध्ये सहावीला शिकवत. "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, यामिला. निसर्गाची देणगी म्हण, नाहीतर इतरांवरचा अन्याय म्हण," असं ते सांगत होते, तेव्हा त्यांच्या वर्गातली तीन मुलं खिडकीतून उतरून मासे धरायला निघाली होती.

यामिला सिल्वेइराने धावत जाऊन मुलांना परत आणलं. ती तात्पुरत्या नेमणुकीवरची बाई होती, त्यामुळे कोणालाही नको असलेली कामं आपोआप तिच्या गळ्यात पडत. लार्रोसासरांची मदतनीस होणं हे त्यातलंच एक.

प्रकरण असं होतं. नदीकाठच्या पाच शाळांच्या मास्तरांचा यामिलाने इंटरनेटवर एक गट केला होता आणि गटाची एक सामाईक वही होती. पूर कुठवर चढला, कोणता मासा कधी येतो, आजोबा होडी कशी बांधायचे, हे मुलं घरी विचारून येत आणि मास्तर वहीत लिहीत. एकाने लिहिलं की दुसरा त्यात भर घाली. कल्पना चांगली होती, म्हणजे तिला दृष्ट लागणार हे ठरलेलंच होतं. गेला आठवडाभर रोज संध्याकाळी पाचला वही कोरी होत होती. डाव्या कोपऱ्यात फक्त दुसऱ्या दिवसाची तारीख उरे.

जुनी प्रत परत आणता येई, आणि यामिला ती रोज सकाळी आणी. पण पुसणारा कोण, ते कळायची सोय नव्हती. 'वेगवेगळी नावं म्हणजे वेगवेगळी भांडणं' या मुख्याध्यापिका ओर्तेन्सिया ओलासाबाल यांच्या तत्त्वानुसार पाचही शाळा एकाच नावाने वहीत शिरत. पासवर्ड, गुप्तता राखण्यासाठी, कपाटावर मोठ्या अक्षरात चिकटवला होता. वैतागून दोन शाळा गट सोडून गेल्या. त्यांच्या तक्रारी आल्या तशा ओर्तेन्सियाबाई यामिलावर कडाडल्या, "गुरुवारी तपासनीस बाई वही बघायला येतायत. बुधवारी पुन्हा असला प्रकार झाला, तर पुढच्या वर्षी तुझ्या नेमणुकीवर माझी सही नाही!"

 या शाळेवर यामिलाचा जीव होता, आणि गावात दुसरी शाळाही नव्हती.

"तारीख!" लार्रोसासर म्हणाले. "पुढचा हल्ला कधी ते गुन्हेगार जाहीर करतोय. घमेंड बघ त्याची."

"सर, हल्ला तर रोजच होतोय."

"म्हणजे घमेंडही रोजची आहे."

सोमवारी सरांनी ब्राझीलहून चोरटी साखर आणणाऱ्या टोळीला पकडलं, अर्थात मनातल्या मनात. "नदी पायी ओलांडायचा उतार कुठे आहे ते मुलांनी लिहिलं आणि टोळीचं बिंग फुटलं!"

"तो उतार आख्ख्या गावाला माहीत आहे, सर. तुमच्या घरची साखरही तिथूनच येते."

मंगळवारी सरांनी टोळी सोडून दिली. आता संशय तार कुरतडणाऱ्या आर्माडिलो नावाच्या कवचवाल्या प्राण्यावर होता. त्याच्यासाठी लावलेल्या सापळ्यात बुधवारी सकाळी सरांचा बूट सापडला, आत पायासकट.

बुधवारी पाचच्या जरा आधी शाळेतले सगळे मास्तर मुख्याध्यापिकांच्या खोलीत जमले. सर लंगडत उभे राहिले. "ज्याचा संशय येत नाही, तोच गुन्हेगार असतो. वहीची कल्पना कोणाची? यामिलाची. रोज ती परत कोण आणतं? यामिला. जो आणू शकतो, तोच नेऊ शकतो!"

"सर! सकाळी तुमचा पाय मी सोडवला!"

"तेव्हाच माझा संशय बळावला."

कोणी हसलं नाही. ओर्तेन्सियाबाईंनी यामिलाविरुद्ध शेरा लिहायला तिच्या कामाचा अहवाल ओढून पेनाचं टोपण काढलं. यामिलाला रडू फुटणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या पोचामावशी बाईंचं पाच वाजताचं माते, म्हणजे तिकडचा कडू पानांचा चहा, घेऊन आत आल्या.

"हे काय बाई, आज पुसायचं राहिलं?"

"काय पुसायचं, मावशी?" यामिलाने विचारलं.

"अगं, ते कॉम्प्युटरवरचं. रोज मी माते आणते तेव्हा बाई पुसत असतात ना."

सगळ्या माना ओर्तेन्सियाबाईंकडे वळल्या.

"मग?" बाई म्हणाल्या. "उठताना फळा स्वच्छ करायचा आणि उद्याची तारीख घालायची. एकतीस वर्षं हेच करतेय मी. पुढच्याला काय घाणेरडा फळा द्यायचा?"

"बाई, मग आठवडाभर मला का बोलत होता?"

"लिहिलेलं नाहीसं होत होतं म्हणून."

"तुम्हीच पुसत होता!"

"मी पुसत नव्हते. स्वच्छ करत होते."

"गुन्हेगार शिस्तीचा माणूस आहे, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं," लार्रोसासर म्हणाले. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

यामिलाने नेमणुकीचा कागद बाईंच्या पुढ्यात ठेवला. तिला भयंकर राग आला होता आणि तो लपवायची तिची इच्छा नव्हती. "आधी सही, बाई."

बाईंनी मुकाट्याने सही केली. मग खालच्या आवाजात विचारलं, "पण उठताना करायचं तरी काय?"

"काही नाही. तसंच ठेवून जायचं."

"तसंच? माझं लिहिलेलं? कोणीही येऊन वाचेल की!"

"वाचू दे ना."

एकतीस वर्षांत बाईंचं अक्षर संध्याकाळच्या पुढे टिकलं नव्हतं. त्यांनी एकेका बोटाने लिहिलं: लहानपणी मोठ्या पुरात त्या एका वाहत आलेल्या दारावर बसून शाळेत गेल्या होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

दहा मिनिटांत खाली ओळ उमटली, पलीकडच्या काठावरच्या अदेमारमास्तरांची: 'ते दार आमच्या घराचं. अजून परत आलेलं नाही.'

"पूस ते!" बाई किंचाळल्या.

"पुसायचं नाही, बाई. उत्तर लिहा."

गुरुवारी तपासनीस बाईंनी वही उघडली, तेव्हा दाराचं भांडण सातव्या पानावर पोचलं होतं, आणि गट सोडून गेलेल्या दोन्ही शाळा त्यात तावातावाने उतरल्या होत्या.